लिंबाजीमामांची जबानी

बोरीच्या थांब्यावर एसटीतून कुणी अनोळखी उतरला, पाठीला जड सॅक, हातात फाईल आणि आता कुठं जावं हे न कळलेला चेहरा असला, की समोरचे हॉटेलवाले गफूरभाई त्याला तोंडसुद्धा उघडू द्यायचे नाहीत.

"विद्यापीठाचे ना? मामाकडं जा. पाण्याच्या टाकीपासून डाव्या हाताला, निळं दार."

"मामा म्हणजे सरपंच का?"

"सरपंचाला काय मालूम हाय? मामाकडं जा, म्हणलं ना."

मामा म्हणजे लिंबाजीमामा. गावचे पोस्टमन, मी भेटलो तेव्हा निवृत्तीला आलेले. बोरी आणि आसपासच्या वाड्यांवर त्यांनी सायकलवरून उभी हयात टपाल वाटलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची पत्रं उंबऱ्यावर बसून वाचून दाखवली, उत्तरंही लिहून दिली. त्यामुळं कोणत्या घरात काय चाललंय, कोणत्या विहिरीला कधीपर्यंत पाणी असतं, कोणत्या रानातली माती भेगाळते, हे सगळं त्यांना पाठ. विद्यापीठाच्या माणसांना नेमकं हेच हवं असायचं. एकानं मामांचं नाव दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. होता होता असं झालं, की आमच्या भागात ज्याला म्हणून संशोधन करायचं आहे, त्याचा विषय कोणताही असो, त्याची वाट निळ्या दारावरून जायची.

"आज कोणतं खातं?" हा मामांचा पहिला प्रश्न. विषयाला ते खातं म्हणत आणि प्रश्नावलीला जबानी. मातीचं खातं, भाषेचं खातं, वटवाघळांचं खातं, निजामाच्या काळाचं खातं. विहिरीच्या पाण्यातला किरणोत्सर्ग मोजायला एकजण यंत्र घेऊन आला होता, त्याचं मामांनी 'उजेडाचं खातं' करून टाकलं. तो बिचारा म्हणाला, "मामा, हे किरण दिसत नाहीत." मामा म्हणाले, "न दिसणाऱ्या उजेडाचं म्हना मंग."

अंगानं काटकुळे, रंग तापलेल्या ढेकळासारखा. पांढरा सदरा, खाकी पँट; निवृत्तीनंतरही पँट खाकीच. ओट्यावर सतरंजी टाकायचे, आलेल्याला पाणी द्यायचे आणि मग एक लांबोडकी वही काढायचे. तीत तारीख, नाव, गाव, खातं, काय विचारलं, असे रकाने आखलेले. शेवटच्या रकान्याचं नाव 'प्रत'. त्याविषयी पुढं सांगतो.

जबानी सुरू झाली, की प्रत्येक उत्तराआधी थांबून ते उलट विचारायचे, "बगितलेलं सांगू का ऐकलेलं?"

नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय. पण इतिहासाचे एक वयस्क प्राध्यापक आले होते, त्यांनी हे ऐकून पेन खाली ठेवलं आणि हसू लागले. त्यांना निजामाच्या काळातल्या गावातल्या धामधुमीबद्दल हवं होतं. मामा म्हणाले, "मी तव्हा पाळण्यात व्हतो. मपल्याला जे मालूम हाय ते समदं चुलत्याकडून. आन चुलता जरा वाढवून सांगायचा. तसं लिहा." प्राध्यापकांनी खरंच तसं लिहून घेतलं.

माहीत नसेल तर "न्हाई मालूम" म्हणायला त्यांना जड जात नसे. चप्पल घालायचे आणि ज्याला माहीत आहे त्याच्या दारात नेऊन उभं करायचे. मातीचे नमुने घ्यायला आलेल्या एका मुलीनं जिथं जमीन मऊ लागली तिथंच गिरमीट रोवलं. मामांनी तिचा हात धरला. "बाई, इथलं नका घेऊ. इथं पंधरा वर्षं उकिरडा व्हता. माती खोटी चांगली निगंल." आणि तिला भर उन्हात पार रानाच्या बांधावर, धुऱ्याच्या टोकापर्यंत चालवत नेलं.

भाषेच्या खात्याची बाई पुण्याहून आली. तिला इथली बोली टिपायची होती. तिनं रेकॉर्डर समोर ठेवला आणि मामांच्या तोंडून शाळेच्या पुस्तकातली वाक्यं यायला लागली. "मी सकाळी लवकर उठतो. मी स्नान करतो." थोड्या वेळानं मामांनाच राहवेना. "बाई, बंद करा ते. मी आता पुस्तकी बोलायलोय, हे काई खरं न्हाई. तुमी हापशावर चला. तिथं सखाराम्याची बायको आन तिची जाऊ भांडायल्यात, तिथं तुमाला ब्येस माल गावंल." बाई गेली, तासभर उभी राहिली आणि परत आली ती लाल झालेली. तिला ब्येस माल गावला होता.

एक रुखरुख मात्र मामांना होती. गणिताच्या खात्याचं कुणी कधी येत नसे. शेवटी एका लग्नाला गणिताचे एक प्राध्यापक बोरीत आले आणि मामांनी त्यांना पंगतीतून उठल्या उठल्या गाठलं. त्या लग्नात मीही होतो. दोघं मांडवाच्या मागच्या बाजूला पालथ्या घमेल्यांवर बसले होते.

"सर, तुमाला कुणाची जबानी घ्यावी लागत न्हाई का?"

"नाही लागत. कागद आणि पेन पुरतं."

"माती, पाणी, कायीच नको? मंग कुणी खोटं लिहिलं तर धरायचं कसं?"

"खोटं लिहिता येतं, मामा. पण प्रत्येक पायरी लिहावी लागते. कुणीही बसून एकेक पायरी तपासू शकतो. त्यासाठी गावाला यावं लागत नाही."

मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "हे खातं लय चांगलं हाय. आपल्या खात्यात समदा इश्वासाचा मामला." 'आपल्या' म्हणताना त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी समाजशास्त्राचा. मामांच्या भाषेत 'माणसांच्या खात्याचा'.

आता त्या शेवटच्या रकान्याविषयी. मामा कुणाकडून कधी काही घेत नसत. एवढंच म्हणायचे, "तुमचं झालं, की एक प्रत दाखवा. काय लिहिलं ते वाचीन म्हणतो." सगळे हो म्हणायचे. प्रबंध झाला की स्वतः घेऊन येतो मामा, असं म्हणायचे. म्हणताना खोटं कुणीच बोलत नसेल. पण प्रबंध पूर्ण झाल्यावर माणूस बोरीच्या फाट्यावरून नुसता पुढं जातो. रकाना कोराच राहायचा. एका ठिकाणी मात्र 'आली' असं लिहिलेलं होतं. मातीच्या मुलीनं एका पानाची झेरॉक्स पोस्टानं पाठवली होती. त्यावर नुसते आकडे, आणि एका ओळीखाली शाईची रेघ: तो त्या धुऱ्याच्या टोकावरचा नमुना. मामांनी ते पान प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. "ही मपल्या गावची माती हाय, बगा. विद्यापीठाच्या पुस्तकात."

आपलं गाव कुठंतरी खरं लिहून ठेवलेलं असावं, एवढीच त्या माणसाची हौस. पोस्टमनच्या नोकरीत त्यानं जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं पोचवलं. आपल्या गावाविषयी कुणी लिहिलेलं पाकीट आपल्याही पत्त्यावर यावं, असं त्याला वाटत असेल तर त्यात काय जास्त होतं?

इथपर्यंत लिहायला मला काही कठीण गेलं नाही. असं मी चारचौघांत सांगितलंही आहे. मामांचे किस्से सांगून कार्यशाळांमध्ये हशा मिळवला आहे. पुढचं सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

मी तेव्हा जिंतूरच्या एका महाविद्यालयात शिकवत होतो. परभणीहून रोज जाऊन येऊन करायचो. पीएच.डी.ची नोंदणी करून बरीच वर्षं झाली होती, मुदत संपत आली होती, आणि ती संपली असती तर बढती तर गेलीच असती, पण माझ्या मागून आलेले दोघं माझ्या पुढं गेले असते. विषय होता ग्रामीण कुटुंबातील वृद्धांचे स्थान. पेडगाव आणि आणखी दोन-तीन गावं मी नीट केली होती. बोरी उरली होती. उन्हाळा होता. मी फाईल घेऊन निळ्या दारात उभा राहिलो.

"म्हाताऱ्यांचं खातं!" मामा खूश झाले. "हे कुणी काढलंच नव्हतं. चला."

पहिल्या दिवशी आम्ही दोनच घरं केली. दुसऱ्या घरात गयाबाई नावाची म्हातारी होती. तिचा मुलगा शेजारीच बाजेवर बसलेला. मी प्रश्न वाचला: जेवण वेळेवर मिळते का? "मिळतं." मुलगा-सून काळजी घेतात का? "घेतेत की." एकूण समाधानी आहात का? "हाव." मी खुणा करत गेलो. बाहेर पडल्यावर मामा म्हणाले, "सर, खोडा ते."

"का?"

"ल्योक बाजूला बसल्याला. ती काय सांगनार? उद्या येऊ. तो रानात जातो नऊला."

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊनंतर गेलो. गयाबाई जात्याच्या बाजूला बसली होती. मी तेच प्रश्न पुन्हा वाचले. ती बराच वेळ जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "भाकर देतेत, बाबा. बोलत न्हाईत."

मी कागदाकडं पाहिलं. जेवण, कपडे, औषध, निर्णयातला सहभाग, सगळे रकाने होते. घरातले तुमच्याशी बोलतात का, हा प्रश्नच माझ्या प्रश्नावलीत नव्हता. मामा माझ्या हातातल्या पेनाकडं बघत होते. "लिहा ना सर, तेच लिहा." मी समासात लिहिलं.

अशानं दिवसाला दोन, फार तर तीन माणसं व्हायची. मामा एकाही ठिकाणी घाई करू देत नव्हते. एकीकडं ऊन, दुसरीकडं मार्गदर्शकांचे फोन. अकरा वृद्धांपर्यंत मी आलो आणि सहाव्या दिवशी गेलोच नाही. मामांना निरोप पाठवला, तब्येत बिघडलीय.

तब्येतीला काही झालं नव्हतं. परभणीच्या घरात, पंख्याखाली बसून मी बोरीचे उरलेले सगळे वृद्ध दोन दिवसांत भरले. नावांसाठी एक जुनी मतदार यादी मिळवली होती. तीन रंगांची पेनं वापरली. अक्षर सारखं दिसू नये म्हणून काही कागद बायकोकडून भरून घेतले. तिला वाटत होतं मी खराब झालेले कागद पुन्हा उतरवून काढतोय. अंगठे माझेच उठवले, आधी डाव्या हाताचा, मग उजव्याचा, मग बाकीची बोटं. शेवटी कागद जुने दिसावेत म्हणून अंगणात नेऊन त्यांच्या घड्या घातल्या, मातीवर घासले. हे सगळं मी शांतपणे केलं, हे मुद्दाम लिहितो. एकत्र कुटुंबात वृद्ध अधिक समाधानी असतात, असं माझं गृहीतक होतं. त्यामुळं बोरीचे बहुतेक वृद्ध समाधानी झाले. अगदी सगळे नाहीत, नाहीतर संशय आला असता.

प्रबंध मान्य झाला. बढती मिळाली. काही वर्षांनी मी स्वतः मार्गदर्शक झालो आणि आमच्या महाविद्यालयात मला संशोधन पद्धतीचा पेपर शिकवायला दिला. नमुना निवड, विश्वसनीयता, क्षेत्रकार्यातील प्रामाणिकपणा. मी चांगलं शिकवतो, असं मुलं म्हणतात.

मामा अधूनमधून जिंतूरला काही कामानं आले की महाविद्यालयात डोकावायचे. "सर, प्रत?" मी म्हणायचो, बाईंडिंगला दिलीय. मग म्हणायचो, ग्रंथालयात जमा झालीय. मग, झेरॉक्सवाल्याकडं गर्दी आहे. ते कधी रागावले नाहीत. पोस्टातल्या माणसाला उशिराची सवय असते, असं म्हणून हसायचे आणि जायचे.

मग प्रबंध इंटरनेटवर टाकायची पद्धत आली. मला त्याचं काही वाटलं नाही. प्रबंध कोण वाचतं? मामांची नात परभणीला शिकायला होती. तिनं आजोबांना आनंद होईल म्हणून माझा प्रबंध शोधला आणि शेवटची पानं छापून नेली. परिशिष्टात उत्तरदात्यांची यादी होती. गाव, नाव, वय, समाधानाची पातळी.

ते आले तेव्हा मी विभागात एकटाच होतो. दुपार होती. मामा दाराशी उभे राहिले, नेहमीसारखी चप्पल बाहेर काढली. मी या-बसा केलं. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले, सदऱ्याच्या खिशातून घडी केलेलं पान काढलं आणि मांडीवर सरळ केलं. त्यांचं बोट एका नावावर होतं. चंद्रभागाबाई.

"ही मपली माय हाय, सर."

यादीतल्या नावाशेजारी नवऱ्याचं नाव होतं. मामांच्या वडिलांचं नाव मला माहीतच नव्हतं. मामांच्या घरी मी इतक्या वेळा गेलो, तिथं म्हातारी कधी दिसली नव्हती. त्यांची आई मी येण्याच्या आदल्या हिवाळ्यात वारली होती, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

पण मामा भांडायला आलेले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, आशा होती. ते थोडे पुढं झुकले होते.

"सर, तुमी मपल्याला भेटायच्या आदी बोरीत येऊन गेल्ताव का? एकदा? मी टपालाला गेलो असंल, तव्हा?"

दोर त्यांनीच माझ्या हातात दिला. मी तो धरला.

"हो," मी म्हणालो. "एकदा आलो होतो. सुरुवातीला. तुमची ओळख नव्हती तेव्हा."

"मायला भेटलाव?"

"भेटलो ना. ओट्यावर बसल्या होत्या."

मामांनी मान हलवली. पान पुन्हा सरळ केलं, ते सरळच होतं. "मी तिला कदी इचारलं न्हाई, सर. अख्ख्या गावाची जबानी झाली, मपल्या घरात मी इचारलं न्हाई. सकाळी जायचो, सांजच्याला यायचो. तिच्याजवळ बसनं व्हायचं न्हाई. तुमी इचारलंव, हे लय चांगलं केलंव." मग हळू आवाजात, "कसं सांगितलं तिनं?"

"कसं म्हणजे? बोलल्या की. म्हणाल्या, लिंबाजी चांगलं सांभाळतो. काही कमी नाही, म्हणाल्या."

हे मी का वाढवलं? नुसतं 'आठवत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेव्हा मला वाटलं, मी त्यांच्यावर दया करतोय. खोटं बोलणाऱ्याला आपण किती चांगले आहोत असं वाटायचे जे क्षण असतात, त्यातला तो एक होता.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी, दारातून आत येताना सोबत आणलेलं, हळूहळू निघून गेलं.

"बरं," ते म्हणाले. घडी घातली. पान खिशात ठेवलं. "येतो सर."

मी चहाचं विचारलं. त्यांनी हात जोडले आणि चप्पल घालून गेले.

पुढच्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी बोरीला कामासाठी गेली आणि हात हलवत परत आली. "सर, ते मामा काहीच सांगत नाहीत. म्हणाले, मला काई मालूम न्हाई. दुसऱ्या कुणाकडं पण नेलं नाही." मी म्हणालो, वय झालंय. आठवड्याभरात कानावर आलं, की वनस्पतीचं खातंही तसंच परतलं. आणखीही कुणी कुणी.

मला जावंच लागलं. बोरीला उतरलो, पण निळ्या दाराकडं पाय वळेनात. गफूरभाईंच्या हॉटेलात बसलो. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, मामा आता कुणाला भेटत का नाहीत?

"काय मालूम. तब्येत तं खासी हाय. वही पण देऊन टाकली नातीला, म्हणले रद्दीत घाल." गफूरभाई फडक्यानं टेबल पुसत होते. "म्हातारी गेल्यापासून माणूस आतून खचलाच व्हता म्हणा."

"आईचा फार जीव होता का?"

"जीव व्हता, पण बोलनार कसं? तिची तं वाचाच गेल्ती ना, सर. लकवा मारला व्हता. शेवटची चार सालं एक शब्द न्हाई निगाला तिच्या तोंडातून. खाटंवरून उठली बी न्हाई. ओट्यावर तं सोडाच."

माझ्यासमोरच्या चहावर साय धरली होती. मी तो तसाच ठेवला.

कसं सांगितलं तिनं, असं मामांनी विचारलं होतं. मला वाटलं होतं, ते सहज विचारतायत. चार वर्षं मुकी पडलेल्या आईनं एका परक्या माणसाला काही सांगितलं असेल, हातानं, डोळ्यांनी, कसंतरी, आणि जे आपल्याला समजून घेता आलं नाही ते या शिकलेल्या माणसाला समजलं असेल, एवढ्याच आशेवर ते जिंतूरला आले होते. आणि मी तिला बोलतं केलं होतं. आईचे शब्दच त्यांना ऐकवले होते.

तेव्हाच उठून निळ्या दारात जायला हवं होतं. मी परभणीची गाडी पकडली. नंतर पुष्कळदा ठरवलं. पत्र लिहायचं ठरवलं, पोस्टमनला पत्र लिहावं असं. दोन ओळींपुढं गेलो नाही. प्रबंध परत घ्यायचा अर्ज कसा करतात, याची एकदा चौकशीही केली. ज्याला विचारलं तो म्हणाला, "कशाला सर? एवढ्या वर्षांनी?" मला तेवढंच ऐकायचं होतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते जिंतूरच्या बसस्थानकावर. दुपारचे साडेचार-पाच झाले असतील. परभणीच्या फलाटावर गर्दी होती आणि मी जागा शोधत होतो. बाकावरून एक म्हातारा उठला.

"बसा सर."

मामा होते. खूप वाळलेले. हातात दवाखान्याची पिशवी. सरांना बघितलं की उठायचं, ही त्यांची जुनी रीत होती आणि ती त्यांनी तेव्हाही सोडली नाही. मी नको नको म्हणालो. "बसा," ते म्हणाले. आणि मी बसलो. त्यांच्या वयाचा माणूस माझ्यासमोर उभा, आणि मी बसलो, कारण उभं राहिलं तर त्यांच्या बरोबरीनं उभं राहावं लागलं असतं आणि काहीतरी बोलावं लागलं असतं.

एवढ्यात एक मुलगी प्रवाशांना काही विचारत विचारत आमच्यापाशी आली. हातात पॅड, त्याला क्लिप लावलेले कागद. कुठल्या तरी विद्यापीठाची. ज्येष्ठ नागरिकांना एसटीत काय अडचणी येतात, यावर तिचं काम चाललं होतं.

"आजोबा, दोन मिनिटं देता का? सोपे प्रश्न आहेत."

मामांनी तिच्या कागदांकडं पाहिलं. अगदी नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत; तेवढा वेळ मला वाटलं, आता ते विचारतील, कोणतं खातं?

"मला काई मालूम न्हाई, माय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नसावा. मी अजून ठरवू शकलेलो नाही. "ह्या सरांना इचार. ते सांगतेत."

मुलगी माझ्याकडं वळली. माझे केस पांढरे झालेले आहेत, तिला मी चाललो असतो. "सर, तुमचं वय साठच्या पुढं आहे ना?"

नव्हतं. मी हो म्हणालो. का म्हणालो, तेही विचारू नका. तिनं खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला, आणि मी एकेक करून सगळी उत्तरं दिली. मामा बाजूला उभे राहून ऐकत होते.

परभणीची गाडी लागली. मी चढलो, खिडकीजवळ जागा मिळाली, शेजारच्या जागेवर मी रुमाल टाकला. बोरी त्याच रस्त्यावर आहे. मामांना त्याच गाडीनं जायचं होतं. तिकिटाची सुटी नाणी त्यांनी मुठीत धरलेली मी पाहिली होती. खिडकीतून मी हाक मारली, "मामा, या, जागा आहे."

त्यांनी ऐकलं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग मागं वळले आणि मी नुकत्याच सोडलेल्या बाकावर जाऊन बसले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी बाहेर पडेपर्यंत मी बघत होतो. मामांनी गाडीकडं पाहिलं नाही. पुढची गाडी दीड तासानं होती.